पहिल्या फरश्यांचं घर

फरशीकाकांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस हमखास म्हणायचा, "बसतो की इथंच कुठंतरी." त्यावर स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज यायचा, "कुठंतरी नको, कोळ्यावर बसा. सासूबाईंवर तेवढं बसू नका, त्या हलतात."

पाहुणा बसता बसता अर्ध्यातच थबकायचा. आपण कुणाच्या अंगावर बसत होतो हे बघायला मागं वळायचा आणि मग त्याचं लक्ष पहिल्यांदा खाली जायचं. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रंगीत सिमेंटच्या फरश्या, आणि त्यांतली एकही दुसरीसारखी नाही. एकीवर निळी चांदणी. तिच्या शेजारी आठ पाकळ्यांचं तांबडं फूल, पण त्यातली एक पाकळी रुसून बाजूला गेलेली. त्याच्या पलीकडे काळ्या-पांढऱ्या रेघांचं जाळं, तो कोळी. एकीवर चार बदाम देठाला देठ लावून बसलेले. आणि एक फरशी नुसती करडी, वर दोन काळे ठिपके, खाली एक आडवी रेघ. मूळ नक्षी काहीतरी वेगळी होती म्हणे, पण रंग पसरला आणि तिच्यातून एक नाराज चेहरा उगवला. त्याच सासूबाई. हे नाव काकूंनी खुद्द सासूबाई हयात असताना ठेवलं होतं आणि सासूबाईंना ते ठाऊकही होतं. त्या स्वतः त्या फरशीवर कधी पाय ठेवत नसत. "मी कशाला माझ्याच तोंडावर पाय देऊ," म्हणायच्या.

त्या घरात कुठलीच वस्तू नुसती 'तिकडे' नसायची. चष्मा चांदणीवर असायचा, पाणी रुसलेल्या फुलावर सांडलेलं असायचं, आणि दादा आणि ताई, म्हणजे त्यांची दोन मुलं, लहानपणी भांडायची ती "आई, हा माझ्या कोळ्यावर आला" अशी. काका कामावरून आले की खिडकीखालच्या निखाऱ्यावर बसायचे. ही केशरी ठिपक्यांची फरशी. तिथं वारा यायचा, रस्ता दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द बोलता यायचे. काकू समोरच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या दाराशी, बदामावर. एक पाय आत, एक बाहेर, कान गॅसवरच्या दुधाकडे. बदामाच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. बोलता बोलता काकूंचा अंगठा त्या टवक्यावरून फिरत असायचा. दोघांच्या मध्ये अख्खी खोली. त्यांचं सगळं बोलणं ती खोली ओलांडून जायचं, त्यामुळे दोघांचेही आवाज मोठे झाले होते. आम्ही शेजारी. भिंतीला कान लावायची आमच्यावर कधी वेळच आली नाही.

काका फरशीच्या कारखान्यात दाबाच्या यंत्रावर होते. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचे हौद, रंगांची पिंपं आणि मधोमध ते यंत्र. तिथलं काम मी पाहिलंय आणि अजून मला त्याची गंमत वाटते, कारण सिमेंटची नक्षीची फरशी उलटी जन्माला येते. तळाला गुळगुळीत पत्रा, भोवती लोखंडी चौकट आणि तिच्यात पितळेची जाळी. जाळीच्या एकेका घरात पळीनं एकेक रंग ओतायचा. मग श्वास रोखून जाळी सरळ वर उचलायची. तेवढ्या एका क्षणात नक्षी दिसते, ओली, थरथरणारी, एकमेकांना टेकलेले रंग आणि तरी न मिसळलेले. लगेच तिच्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवायचं, वर करडा जाड माल भरायचा आणि यंत्राखाली दाबायचं. म्हणजे फरशीचं तोंड खाली, पाठ वर. काकांनी जन्मभर फरश्यांच्या पाठी पाहिल्या. तोंड दिसायचं ते उलटून हौदात सोडण्यापुरतं. पुढं बसवणारा गवंडी वेगळा, चालणारे पाय वेगळे.

आणि तोंड खाली असलं की डावं ते उजवं होतं. फरशीवरचा पोपट डावीकडे बघायला हवा असेल तर जाळीत तो उजवीकडे बघतो. हे काकांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की त्यांना पत्ता विचारू नये असा आमच्या गल्लीत अलिखित नियमच होता. "उजव्या हाताला वळा," ते आत्मविश्वासानं सांगायचे, आणि माणूस नदीवर पोचायचा. काकू खिडकीशी धावत यायच्या. "अहो, ऐकू नका त्यांचं! ते खालून सांगतायत!"

घरात इतक्या तऱ्हांच्या फरश्या आल्या त्यालाही कारखान्यातली एक पद्धतच कारण होती. नवी जाळी आली की तिच्यातून निघालेल्या पहिल्या फरशीला नुसतं 'पहिली' म्हणत. पहिली कधीच धड निघत नसे. जाळीला हात सरावलेला नसतो, रंगाला पाणी किती हे कळलेलं नसतं, कुठंतरी एक पाकळी रुसतेच. पहिली गिऱ्हाइकाला द्यायची नाही आणि फोडायचीही नाही. ती दाबणाऱ्याची. काका ती घरी आणायचे, कोब्याचा तेवढा चौकोन खोदायचे आणि बसवायचे. चांदणी आली त्या वर्षी ताई झाली. कोळी आला तेव्हा दादाचा हात मोडलेला होता. अशी ती खोली वर्षानुवर्षं भरत गेली.

काकूंचं म्हणणं अगदी साधं होतं. "सगळ्या गावाच्या घरात गालिचा आणि आमच्या घरात गोधडी."

"अगं, पण यातली एक तरी फरशी दुसऱ्या कुणाकडे आहे का?"

"कुणी घेतली नाही म्हणून तर आपल्याकडे आहे."

"पुढच्या वर्षी करू एकसारखी."

"हो. आणि मी पुढच्या वर्षी बाळसं धरणार."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय, की मधेच एखाद्याला खोकला आला तर त्याचं वाक्य मी म्हणू शकलो असतो. काकूंना खरंच हवी होती एकसारखी फरशी. कुणाकडे गेल्या की त्या आधी खाली बघायच्या, मग यजमानांकडे. पुढचं वर्ष यायचं आणि त्याच्याबरोबर आणखी एक पहिली यायची. मग कारखानाच बंद पडला आणि पहिल्या येणंही थांबलं.

ताई लग्न होऊन लांब गेली होती. तिला मूल झालं तेव्हा काकू मदतीला म्हणून गेल्या. निघताना काकांना शंभर सूचना, त्यातली शेवटची, "माझ्या जागेवर पसारा करू नका."

संध्याकाळी फोन यायचा. फोनवर काका ओरडूनच बोलायचे, खोली ओलांडायची सवय. पलीकडचंही मला ऐकू यायचं. काकूही तिकडून तशाच ओरडायच्या.

"कुठं बसलात?"

"निखाऱ्यावर."

"बदामावर काय ठेवलंय?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"वर्तमानपत्रं."

"उचला ती!"

"कुणी येऊन बसू नये म्हणून ठेवलीत गं," काका म्हणायचे, आणि हे मात्र हळू म्हणायचे.

आधी ठरलं होतं, बाळ मान धरायला लागलं की काकू येणार. बाळानं मान धरली. मग ते बसायला लागल्यावर येणार होत्या. बाळ बसलं. ताईचं ऑफिस सुरू झालं, मग रांगायला लागल्यावर. त्या बाळाच्या प्रगतीनं इतका हवालदिल झालेला आजोबा मी दुसरा पाहिला नाही. "रांगतंय का?" ते रोज विचारायचे, जसं काही ते रांगत इकडेच येणार होतं. एकदा ताई म्हणाली, "बाबा, आईला राहू दे ना इथंच. तुम्हीच या. तिथं आता काय आहे?" काकांनी खोलीभर नजर फिरवली. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ निखाऱ्यावर बसून होते. खोलीच्या एका टोकाला एकटा माणूस बसला की दुसरं टोक फार लांब जातं.

पण त्यांच्या मनात रुतलं होतं ते वेगळंच. पोचल्या त्या दिवशी काकू फोनवर म्हणाल्या होत्या, "ताईकडे फरशी काय आहे हो! पांढरीशुभ्र, सगळी एकसारखी. या टोकाला बशी सोडली तर त्या टोकाला जाऊन थांबेल!" काकांनी त्याचा अर्थ लावला होता. जन्मभर गोधडीवर बसलेली बाई गालिच्यावर गेली, ती कशाला परत येईल?

दादा, म्हणजे मुलगा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि टाइल्सच्या शोरूममध्ये विक्रीला होता. बाप फरशी म्हणायचा, मुलगा टाइल म्हणायचा. दोघांमध्ये एवढंच भांडण होतं, पण ते चिवट होतं. बापानं मुलाच्या शोरूममधला एक तुकडाही कधी घरात आणू दिला नव्हता, आणि मुलाला ते लागलेलं होतं. म्हणून एका रविवारी काकांनीच जेव्हा विषय काढला, तेव्हा दादाचा चहा सांडता सांडता राहिला.

"तुमच्यात असते का रे एकसारखी?"

"बाबा, आमच्यात एकसारखीच असते!"

"चकचकीत नको. वाकलं की आपलंच टक्कल दिसतं."

"मॅट फिनिश देतो."

"म्हणजे?"

"म्हणजे टक्कल दिसणार नाही."

"आई यायच्या आत होईल?"

"आई कधी येतेय?"

"तेच तर," काका म्हणाले. "आधी होऊ दे. मग तिला कळवू. मग बघू कशी येत नाही."

दादानं टाइल्सची खोकी आणून व्हरांड्यात लावली. माणसं यंत्र घेऊन फोडायला आली तेव्हा मात्र काका दारात आडवे उभे राहिले. "फोडायच्या नाहीत. उचलायच्या." आणि छिन्नी-हातोडी घेऊन ते स्वतःच बसले. एकेक पहिली ते दात काढावा तशी हलवत, कुरवाळत वर काढायचे, पाठीचं सिमेंट खरवडायचे आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवायचे. खोलीत होत्या त्याच क्रमानं, तशाच रांगेत, पण तोंड खाली करून. तोंड उघडं टाकायचं नाही, ही हाताची सवय. चार दिवसांत आमच्या मागच्या खिडकीतून त्यांची अख्खी बाहेरची खोली अंगणात दिसायला लागली, पालथी. सासूबाई हलत्या होत्या, म्हणून काकांनी त्यांना नुसत्या हातांनी उचललं. आणि तिथंच त्यांनी दगा दिला. उंबऱ्यावर आपटून दोन तुकडे. काका तुकडे हातात घेऊन म्हणाले, "गेल्या. कुणी हलवलेलं त्यांना आवडायचंच नाही."

घरात नुसती माती उरली, त्या संध्याकाळी फोन आला.

"अहो, ती चालायला लागली! आज! धरून नाही, सुटी!" काकूंचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल.

"अरे वा! कुठून कुठे?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मला पहिल्यांदाच पुढचं ऐकायला खिडकीशी यावं लागलं.

"तेच सांगता येईना हो. ताईनं विचारलं, आई, मी कुठं चालले होते गं पहिल्यांदा? मी म्हटलं, तू चांदणीवरून निघालीस आणि कोळ्यावर जाऊन बदकन बसलीस, तुझ्या बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि तू घाबरून रडलीस. आणि ही कुठून कुठे गेली? पांढऱ्यावरून पांढऱ्यावर. मी खाली बघत राहिले. खूण म्हणून काही नाही. इथं माझा चष्मा हरवला की सापडत नाही, कुठं ठेवला ते सांगताच येत नाही. 'तिकडं' म्हणायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुठं बसलात?"

काका मातीत उभे होते. फोन कानाशी धरूनच घाईघाईनं अंगणात आले, रांगेतली पालथी बदामाची फरशी पाठीवरून ओळखली आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. "तुझ्या बदामापाशी," ते म्हणाले.

"मग घरात कावळा कसा ओरडतोय?"

"खिडकीत आलाय."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "मीही येते. पुढच्या आठवड्यात दादाला स्टेशनवर पाठवा."

फोन संपला तरी काका उकिडवेच. मला खिडकीत बघून म्हणाले, "ऐकलंत?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "खोटं बोलू नका, खोकी परत ने म्हणून उद्या दादाला तुम्हीच सांगा, मला धीर व्हायचा नाही."

दादा जे बोलला ते बापाशी बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तो माझ्याशी बोलला. खोकी परत शोरूमवर गेली. मग त्यानं बसवणारा गवंडी पाठवतो म्हटलं, तर काका तेही ऐकेनात. "कुठली कुठं, हे मला ठाऊक आहे, गवंड्याला काय कळणार?" हे खरं होतं. फक्त काकांनी जन्मभर फरश्या दाबल्या होत्या. अख्खी खोली एकदम बसवली कधीच नव्हती.

आठवडाभर ते सूर्य उगवताच कामाला लागायचे. दोरी ताणलेली, गुडघ्याखाली पोतं, एकेक फरशी अंगणातून उचलून आणायची, उलटायची, बसवायची, लाकडी हातोडीनं ठोकायची. एका जागी सासूबाईंचं रिकामं भोक राहिलं. तिथं काय भरावं म्हणून ते विचार करत असताना दादा आला, खिशातून शोरूममधला टाइलचा एक पांढरा नमुना काढला, मापात कापून आणलेला, आणि बापासमोर ठेवला. काकांनी तो हातात घेऊन पाठ बघितली. मग तोंड बघितलं. मग बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी भिंतीवरून हाक मारली. "जरा या इकडं."

मी गेलो. खोली धुऊन पुसून लखलखत होती. काका चहाचा कप घेऊन निखाऱ्यावर बसले होते.

"छान बसवलीत," मी म्हटलं.

"नीट बघा."

"एकही खालीवर नाही."

"अहो, मी कुठं बसलोय ते बघा!"

काका निखाऱ्यावर बसले होते, आणि निखारा स्वयंपाकघराच्या दाराशी होता. त्यांनी सवयीनं रस्ता बघायला मान वळवली होती आणि त्यांना दुधाचं पातेलं दिसलं होतं. समोर, पार तिकडं, खिडकीखाली, काकूंचा बदाम. चांदणी या भिंतीची त्या भिंतीला गेलेली. रुसलेलं फूल दुसऱ्या कुशीवर. सगळी खोली जशीच्या तशी, आणि आरशात बघावी तशी.

"तोंड खाली होतं ना," काका रडवेल्या आवाजात म्हणाले. "मी मुद्दाम ध्यानात ठेवलं. मनाशी घोकलं, फसायचं नाही, तोंड खाली म्हणजे डावं ते उजवं. म्हणून उजवीकडून सुरुवात केली."

अंगणात तर फरश्या खोलीतल्याच क्रमानं होत्या. नुसत्या उचलून ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. पण जन्मभर जे एका फरशीचं केलं, ते या माणसानं काळजी घेऊन घेऊन अख्ख्या घराचं केलं होतं. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघून ते गिळावं लागत होतं.

"पुन्हा उचलतो," काका म्हणाले.

"बाबा, आता उचलल्या तर सगळ्यांच्या सासूबाई होतील," दारात येऊन उभा राहिलेला दादा म्हणाला. "आणि आईची गाडी दुपारी येतेय."

दुपारी काकू आल्या. मी आमच्या व्हरांड्यात, त्यांचं उघडं दार समोर दिसेल असा, काहीतरी दुरुस्त करत होतो, काय ते आठवत नाही. दारात चपला काढून त्या आत शिरल्या. आत आल्या आल्या त्यांचा पाय थांबला. "अगंबाई, हे काय गार लागलं?"

"सासूबाई गेल्या," काका म्हणाले. "फुटल्या. त्या जागी दादाची टाइल आहे."

काकूंनी खाली बघितलंच नाही. पायाच्या बोटांनीच ती टाइल चाचपली. "गुळगुळीत आहे. गोरी असणार," म्हणाल्या. "सूनबाई म्हणू या." दादा बाहेर येऊन उगीच आकाशाकडे बघायला लागला.

काकू तशाच पुढं गेल्या, इतक्या महिन्यांचा प्रवास संपवून आपल्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला पाठ टेकून हुश्श करत बसल्या. डोळे मिटले. हात शेजारी पडला. अंगठा फरशीच्या कोपऱ्यावर गेला आणि तिथं टवका शोधू लागला. या कोपऱ्याला नव्हता. त्या कोपऱ्याला गेला. तिथंही नव्हता. काका खोलीच्या मधोमध उभे होते, हात शिक्षा झाल्यासारखे मागं बांधून.

काकूंनी डोळे उघडले. आपण निखाऱ्यावर बसलोय हे बघितलं. मग चांदणी बघितली, फूल बघितलं, एकेक करत नजर खोली ओलांडून खिडकीपाशी गेली.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या. "हे काय केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. एकसारखी करणार होतो, तू येशील म्हणून. मग तू म्हणालीस पांढऱ्यावरून पांढऱ्यावर. मग तोंड खाली होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला. काकू ऐकत होत्या. मला वाटलं, आता कडाडणार. त्या उठल्या, खोली ओलांडून खिडकीखाली गेल्या आणि बदामावर बसल्या. अंगठ्याला टवका सापडला. वारा आला. त्यांनी मान वळवून बाहेर बघितलं. रस्त्यावरून मुलं जात होती, कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाची फळी काढत होता.

"इथून एवढं दिसतं?" काकू म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"पुन्हा उचलून..."

"काही उचलायचं नाही. तुम्ही तुमच्या निखाऱ्यावर बसा बरं."

काका जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसले.

"तिथून गॅस दिसतो?"

"दिसतो."

"मग चहा ठेवा."

काका चहा ठेवायला उठले आणि तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. आई पोचलीस का, दमलीस का, हे झाल्यावर ती म्हणाली, "कुठं बसली आहेस?"

"बदामावर," काकू म्हणाल्या.

"म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. "हो," म्हणाल्या. "तू कुठं बसली आहेस?"

मग ताई म्हणाली, "इथंच. खाली. आज हिनं तुला घरभर शोधलं, आई. मग खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. तुझी एक जागा अशी नव्हती ना इथं, तिला कळेना कुठं बघायचं."

काकूंनी फोन मांडीवर ठेवला, तो तसाच बोलत राहिला. काका चहाचं भांडं हातात घेऊन दारात आले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, आणि आवाज खोली ओलांडून जाईल इतका मोठा निघाला नाही, म्हणून काकाच ओलांडून आले. "ती चांदणी निघेल का?"

काका वाकले. चांदणीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. सिमेंट अजून पुरतं वाळलं नव्हतं.

"निघेल," ते म्हणाले. "पण मग इथं भोक राहील."

"राहू दे. दिसलं तर दिसलं, कुणाची होती आणि कुणाकडे गेली ते सांगता येईल." मग काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि या वेळी तोंड वर ठेवून बांधा!"